नाटकाची पदवी मिळते, पण नाटकाच्या मास्तरची जागा कुठे आहे?

विश्लेषण

बारावीचा निकाल लागला की गावात ठरलेले प्रश्न सुरू होतात. नर्सिंगला टाकायचं की डी.फार्म.ला? पोलीस भरतीची तयारी करायची की आधी बी.ए. उरकायचं? यंदा आरमोरी तालुक्यातल्या एका घरात मात्र वेगळाच प्रश्न निघाला. मुलगा बारावी आर्ट्स चांगल्या मार्कांनी पास. मागच्या सीझनला एका कंपनीत छोट्या भूमिका केलेल्या. तो म्हणतो, मला पुण्याला जाऊन नाटकात बी.ए. करायचंय.

वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला. "नाटक तं इथं मंडपातच शिकते पोट्टा. त्यासाठी पुण्याले कायले जाते?"

हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. झाडीपट्टीतला बाप हे विचारतो तेव्हा त्याच्यामागे अनुभव असतो. आणि मुलगा हट्ट करतो तेव्हा त्याच्याही बाजूनं काहीतरी आहे. दोघांचं कुठं बरोबर, कुठं चुकतंय, आणि दोघांच्याही हातात नसलेली तिसरी गोष्ट कोणती, ते आज बघू.

आपल्याकडे नाटक शिकायला कॉलेज लागत नाही

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत नाटक हा धंदा आहे, तोही रोखीचा. धान निघालं, भाऊबीज झाली की मंडई सुरू. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो पार पहाटेपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या सगळ्याचं ठाणं. गावोगावची मंडळं तिथं येऊन कंपनी ठरवतात, तारीख पक्की करतात, इसार देतात. होळीपर्यंत हा सीझन चालतो. मग कलाकार पुन्हा शेतात, मोहफुलात, तेंदूपत्त्यात.

या रंगभूमीवर आयुष्य काढलेले कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती काही कोणत्या डिग्रीमुळे मिळाली नाही. दक्षिणेला सिंधुदुर्गातले दशावतारी कलाकार बघा. हातात संहिता नसते, कथानक ठरलेलं असतं आणि संवाद उभ्या उभ्या जुळवतात. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि यात्रा कमिट्या तिथं सुपाऱ्या देतात. त्या फडातल्या बाईनं कोणत्या विद्यापीठात अभिनय शिकलाय?

म्हणजे बापाचं पहिलं म्हणणं खरं आहे. स्टेजवर उभं राहायला पदवी लागत नाही.

मग पदवीत शिकवतात तरी काय?

इथं मुलाची बाजू सुरू होते. आपल्या मंडपात काय होतं ते प्रामाणिकपणे बघा. समोर प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य देतो, कलाकार ते उचलून फेकतो. एका कलाकाराला सीझनमध्ये कितीतरी नाटकं करायची असतात, पाठ कधी करणार? ही पण एक कलाच आहे, आणि सोपी नाही. शहरातल्या भल्याभल्या नटाला ती जमणार नाही. पण त्यात काही गोष्टी शिकायच्या राहून जातात. आवाज रात्रभर ओढून ओढून चाळिशीत घसा बसतो. लाइट म्हणजे फक्त उजेड, एवढंच ठाऊक. स्वतःचं नवं नाटक कसं लिहायचं आणि कसं बसवायचं, हे कुणी शिकवत नाही. बघून बघून शिकायचं.

विद्यापीठात हेच रीतसर शिकवतात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, १९८७ मध्ये सुरू झालेलं. तिथं बारावीनंतर नाटकात बी.ए. करता येतं. संगीत आणि नृत्याचेही कोर्स तिथंच आहेत. प्रवेशाला नुसते मार्क पुरत नाहीत, करून दाखवावं लागतं. नाटकाच्या अशा कोर्समध्ये आवाज, शरीर, अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा हे सगळं येतं. सोबत भरताच्या नाट्यशास्त्रापासून आजच्या मराठी नाटकापर्यंतचा इतिहास. सकाळी व्यायामानं सुरुवात आणि रात्री उशिरापर्यंत तालीम. जेमतेम हजेरी लावून पास होण्यातला हा कोर्स नव्हे.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. "वऱ्हाड निघालंय लंडनला" आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॅसेटवर ऐकलंय, आता मोबाइलवर बघतोय. एकट्या माणसानं बावन्न पात्रं उभी करणारे ते लक्ष्मण देशपांडे याच विभागाचे प्राध्यापक आणि प्रमुख होते. खेड्यातली बोली आणि खेड्यातली माणसं विद्यापीठातल्या मास्तरनं स्टेजवर आणली, आणि ती शहरानं डोक्यावर घेतली. शिक्षण घेतलं की गावची भाषा सुटते, असं म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे. मराठवाड्यातल्या काही कॉलेजांत साध्या बी.ए.लाही नाट्यशास्त्र हा एक विषय म्हणून घेता येतो.

मुंबई विद्यापीठातही थिएटर आर्ट्स आणि लोककला अशा दोन अकादमी आहेत, पण तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवी झाल्यानंतरचे आहेत.

दिल्लीचं एनएसडी: इथं बहुतेकांची गल्लत होते

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे दिल्लीचं एनएसडी, १९५९ पासून आहे. नाटक म्हटलं की पोरं आधी याचंच नाव घेतात. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिथं बारावीवर प्रवेश मिळत नाही. आधी कोणत्याही शाखेची पदवी लागते आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. सगळ्या देशातून मोजकी मुलं घेतात. निवड झाली तर तीन वर्षांचं शिक्षण आणि दरमहा शिष्यवृत्ती.

यात गरीब घरासाठी एक चांगली वाट लपलेली आहे. "कोणत्याही शाखेची पदवी" म्हणजे मराठीत बी.ए. असो, बी.एस्सी. असो की शेतकीची पदवी, चालते. मुलानं घराजवळच्या कॉलेजात पदवी घ्यावी, सीझनला कंपनीत काम करावं, कॉलेजच्या एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा कराव्यात आणि मग एनएसडीला बसावं. सरकारची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, हौशी मंडळांसाठीच आहे. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे एनएसडीत शिकले आणि पुढे २०१३ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले. खेड्यातून दिल्लीला जाणारी वाट अवघड आहे, पण ती बंद नाही.

म्हणजे मुलाचा "मला नाटक शिकायचंय" हा हट्ट बरोबर. पण त्यासाठी बारावीनंतर लगेच पुण्यालाच जावं लागतं, हे काही खरं नाही.

पदवी घेतली, पुढे पोटाचं काय?

आता खरा प्रश्न. बाप विचारतो तो हाच, फक्त वेगळ्या शब्दांत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नाटकात बी.ए. केलं तर मुलगा बाकी सगळ्या परीक्षांतून बाद होतो, असं बरेच जण समजतात. तसं नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.ए. ही बी.ए.च असते. जिथं जाहिरातीत "कोणत्याही शाखेचा पदवीधर" लिहिलेलं असतं, मग ती एमपीएससी असो की तलाठी भरती, तिथं ही पदवी चालते. तेव्हा दोर कापले जात नाहीत.

पण नाटकावरच जगायचं म्हटलं तर? कामं आहेत, आणि ती सगळी अभिनयाची नाहीत. मालिकांत आणि सिनेमात सहायक दिग्दर्शक लागतात. लाइट, साउंड, नेपथ्य सांभाळणारे लागतात. डबिंग, आवाजाची कामं असतात. सरकारी योजनांचा प्रचार करणारी कलापथकं असतात, पथनाट्यं असतात, मुलांची शिबिरं असतात. यातली बहुतेक कामं मुंबई-पुण्यात आहेत आणि त्यातली बरीचशी पगारी नाहीत. आज काम आहे, दोन महिने नाही. ज्याच्या घरी मागून पैसा येतो तो ती दोन वर्षं काढतो. ज्याच्या घरी दीड एकर धान आहे, तो सहा महिन्यांत परत येतो. गुण कमी पडला म्हणून तो परतलेला नसतो. खोलीभाडं थकलेलं असतं.

नाटकाची पदवी श्रीमंताच्या पोराला जेवढी परवडते तेवढी आपल्याला परवडत नाही, असं लोक बोलतात ते याच अर्थानं.

मोठं भोक शाळेत आहे

बी.ए. मराठी केलेल्या मुलाला निदान एक रस्ता समोर दिसतो. बी.एड. करा, परीक्षा द्या, पवित्र पोर्टलवर नाव येऊ द्या, शिक्षक व्हा. जागा निघतात का, कधी निघतात हा वेगळा विषय, पण रस्ता तरी आहे. नाटकाच्या पदवीधराला तोही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत "नाट्यशिक्षक" नावाची जागाच नाही. गणिताची आहे, मराठीची आहे, नाटकाची नाही.

गंमत अशी की कागदावर नाटक शाळेत केव्हाच पोचलेलं आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणात चित्रकला, संगीत, नृत्य यांच्यासोबत नाटक धरलेलं आहे. २०२० चं नवीन शिक्षण धोरण कलेतून शिकवा म्हणतं. २०२३ च्या नव्या आराखड्यातही नाटक आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय. त्यात चित्रकलाच शिकवा असं कुठं आहे? नाटक शिकलेला मुलगा त्या जागेवर का चालू नये?

बरं, आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. शंभर मुलं भरतील अशा शाळाच थोड्या. टोल्यावरची, पाड्यावरची शाळा म्हणजे वीस-पंचवीस पोरं. तिथं हा नियम लागूच पडत नाही. म्हणून नियम एका शाळेपुरता न ठेवता केंद्रापुरता करायला हवा. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, केंद्राला एक नाट्यशिक्षक द्या. तो आठवड्यातून अर्धा दिवस प्रत्येक शाळेत जाईल. आश्रमशाळांना तर पूर्णवेळ द्या. मुलं तिथंच राहतात, संध्याकाळ रिकामी असते.

कुणी म्हणेल, पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही नाटक काय घेऊन बसलात? वाचता येत नाही म्हणूनच तर नाटक. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडची पोरं घरी गोंडी, माडिया बोलतात आणि पहिलीत एकदम मराठी पुस्तकासमोर बसतात. वर्षभर तोंड उघडत नाहीत. ती मुकी नसतात. भाषा परकी असते आणि चुकलो तर हसतील याची भीती असते. खेळात, सोंगात ही भीती आधी जाते. वाघ झालेला पोरगा डरकाळी फोडतो, मग एक शब्द बोलतो, मग वाक्य बोलतो. आणि हे घडवून आणायला शिकलेला माणूस लागतो. गॅदरिंगला पाठ करून घेतलेली दहा मिनिटांची नाटिका वेगळी, आणि वर्षभर नाटकातून बोलायला शिकवणं वेगळं.

ही कल्पना नवी पण नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये "तृतीय रत्न" नाटक लिहिलं. फसवला जाणारा अडाणी शेतकरी आणि त्याची बायको शेवटी शिकायला लागतात, असं ते नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. शेतकऱ्याच्या घरात शिक्षण पोचवायला नाटक वापरावं, हे फुल्यांना सुचून पावणेदोनशे वर्षं होत आली. आपण अजून त्याची एक जागा काढलेली नाही.

सरकार कलावंताला अगदीच विसरलंय असंही नाही. वृद्ध कलावंतांना महिन्याला ५००० रुपये मानधन मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण म्हातारा झाल्यावर कलावंताची आठवण ठेवणारं सरकार तो एकवीस वर्षांचा, पदवी हातात घेऊन दारात उभा असतो तेव्हा त्याला ओळखत नाही. तरुणपणी काम दिलं असतं तर म्हातारपणी मानधनाच्या यादीत नाव लागण्याची वाट बघावी लागली नसती.

मुलींचं काय?

"पोरगी नाटकात गेली" हे वाक्य गावात अजून कसं उच्चारतात, सगळ्यांना माहीत आहे. गंमत बघा, त्याच गावात मंडईला पहिल्या रांगेच्या खुर्च्या आधी भरतात. स्टेजवरची बाई बघायला चालते, घरातली स्टेजवर चालत नाही. पदवीचा एक फायदा इथं होतो. विद्यापीठ, होस्टेल, मार्कशीट, मास्तरणी असं सगळं असलं की घरचे जरा तरी ऐकून घेतात. मुलीला नाटकाकडे नेणारा जरा सुरक्षित आणि मानाचा रस्ता म्हणून या पदवीकडे बघायला हरकत नाही. फक्त होस्टेल मिळणार का, तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात आणि तक्रार समिती आहे का, हे आईबापानं स्वतः जाऊन विचारावं.

आणखी एक गोष्ट आईबापाच्या मनात असते, ती पण बोलू. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या एका नाटकावरून वाद झाला. प्रयोग बंद पाडला गेला, धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली, विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. कोण चूक, कोण बरोबर यावर दोन मतं आहेत. पण परीक्षा देणाऱ्या पोरांवर पोलीस ठाण्यात जायची वेळ येते, हे बघून खेड्यातला बाप घाबरणारच. त्याला दोष देता येत नाही.

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा

१. कोर्स कोणत्या विद्यापीठाचा? शेवटी हातात बी.ए.ची पदवी पडणार की नुसतं सर्टिफिकेट? यूजीसीची मान्यता बघा.

२. वर्षाला किती नाटकं बसवतात? स्वतःचं स्टेज, लाइट आहे का? नसेल तर तो पुस्तकी कोर्स समजा.

३. मागच्या पाच वर्षांत शिकून गेलेली मुलं आज काय करतात? दोघांचे नंबर मागा आणि फोन लावा. टीव्हीवर चमकलेल्या एकाचं नाव ऐकून भुलू नका, बाकीच्यांचं विचारा.

४. फीपेक्षा राहण्या-खाण्याचा खर्च मोठा असतो. तालमी रात्रीपर्यंत चालतात, त्यामुळे शिकता शिकता नोकरी करणं जवळपास जमत नाही. तीन वर्षांचा हिशेब आधीच मांडा.

५. महाडीबीटीवर तो कोर्स आहे का ते बघा. होस्टेल न मिळाल्यास अनुसूचित जमातीसाठी स्वयं, अनुसूचित जातीसाठी स्वाधार, ओबीसींसाठी आधार अशा योजना आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. मुलींची फीमाफी व्यावसायिक कोर्ससाठी आहे, तुमच्या कोर्सला लागू आहे का ते विद्यापीठातच विचारा.

६. शिक्षक व्हायचा विचार असेल तर आधी बी.एड.चा नियम बघा. शाळेतला एखादा विषय पदवीला असलेला बरा. नव्या धोरणात मुख्य विषयासोबत दुसरा विषय घेता येतो, तिथं मराठी किंवा इतिहास घेतलेला कामाला येईल.

७. मोबाइलवर "मालिकेत रोल पक्का" म्हणत पैसे मागणाऱ्या अकादमीची जाहिरात आली तर एक रुपया देऊ नका. रोल कुणीच पक्का करून देत नसतो.

शेवटी

त्या घरात अजून काही ठरलेलं नाही. आमचं मत विचाराल तर मुलाची कुवत आणि घरची ऐपत दोन्ही असेल तर जाऊ द्या. ऐपत नसेल तर इथंच पदवी, सीझनला मंडप आणि मग दिल्लीची परीक्षा, हा रस्ता कमी खर्चाचा आहे आणि कमी मानाचा अजिबात नाही.

पण बापलेकाच्या भांडणात तिसरा पक्ष सुटून जायला नको. नाटकाची पदवी देणारी विद्यापीठं सरकारचीच, कलाशिक्षणाचा कायदा सरकारचा, आश्रमशाळा आणि झेडपीच्या शाळाही सरकारच्याच. या तिन्हींना जोडणारी एक जागा तेवढी निघत नाही. मंडईच्या उद्घाटनाला आपले सगळे पुढारी स्टेजवर येतात, झाडीपट्टीचं तोंडभर कौतुक करतात, हार घालून घेतात आणि दुसरा अंक सुरू व्हायच्या आत गाडीत बसतात. पुढच्या मंडईला ते आले की माइक त्यांच्या हातात देण्याआधी एवढंच विचारा: साहेब, आमच्या केंद्राला नाटकाचा मास्तर कधी देता?